बोर्दो आणि बोर्डो

दर भागात मी कोड, नोकरी, इंटरव्ह्यू, असलं काहीतरी बोलतो. आज वाइनरीबद्दल बोलणार आहे. 'भाऊ फ्रान्सला गेला, वाईन प्यायला, आता आपल्याला चव सांगणार' असं कुणाला वाटत असेल तर आधीच सांगतो, मला वाईनमधलं काही कळत नाही. ऑफिसच्या पार्टीत दोन-तीनदा घेतली असेल, तेवढीच. माझा संबंध आहे तो द्राक्षाशी. आमचं गाव तासगाव तालुक्यात. घरची तीन एकर बाग. मी बी.टेक. झालो ते त्या बागेच्या पैशावर. आणि गेली चार वर्षं ती बाग चाललीये माझ्या पगारावर. आजचं सगळं याच उलट्या हिशोबाबद्दल आहे.

2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. कंपनीने सहा महिन्यांसाठी बोर्दोला पाठवलं होतं. बोर्दो म्हणजे गावाचं नाव. आमच्याकडे 'बोर्डो' म्हणजे औषध. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे एक टक्का बोर्डो. लहानपणी माझं काम असायचं विळा बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाल. ते निळं पाणी या गावावरून आलंय हे मला बोर्दोत उतरेपर्यंत खरंच माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने 1882 मध्ये बघितलं की आतल्या वेली केवड्याने गेल्यात आणि रस्त्याकडच्या हिरव्या आहेत. 1885 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे चोरांच्या भीतीतून निघालेलं औषध आम्ही तासगावात मारतोय!

तर एका शनिवारी मी सायकल घेऊन निघालो. बोर्दोच्या पूर्वेला जुना रेल्वेमार्ग उखडून सायकलचा रस्ता केलाय, रोजे लापेबी या सायकलपटूच्या नावाने. हा 1937 ची टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस. रस्ता आंत्र-द-मेर नावाच्या भागातून जातो. नावाचा अर्थ 'दोन समुद्रांच्या मध्ये', पण समुद्र कुठेच नाही, गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या आहेत. क्रेओं गेलं, ला सोव्हच्या पडक्या मठाचा मनोरा दिसला. वाटेत एका गावाची पाटी उलटी लावलेली. मला वाटलं पोरांचा चाळा. तसं नव्हतं, त्या हिवाळ्यात फ्रान्सभर शेतकऱ्यांनी निषेध म्हणून गावांच्या पाट्या उलट्या केल्या होत्या. सगळं उलटं चाललंय, हे सांगायला.

पुढे एका फाट्यावर हाताने रंगवलेला बोर्ड होता, थेट विक्री, वाईन. आत गेलो तर दुकान वगैरे काही नाही. शेड, ट्रॅक्टर, एक कुत्रा. आणि ओळीत एक साठीतल्या बाई छाटणी करत होत्या. शेजारी हातगाडीवर अर्धा कापलेला पिंप, त्यात कापलेल्या काड्या जळत होत्या. धुराचा वास आमच्या बागेतल्यासारखाच. मी 'बोंजूर मादाम' म्हटलं आणि पुढचं फ्रेंच संपलं. मग त्या हळूहळू बोलायच्या, मी फोनवर भाषांतर लावायचो, आणि उरलेलं हातवाऱ्यांनी.

मी म्हटलं, आमचीपण बाग आहे. तोवर त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. त्यानंतर सरळ कात्री माझ्या हातात दिली, दाखव म्हणाल्या.

[हसतो] मी दोन काड्या कापल्या आणि त्यांनी कात्री परत घेतली. कारण त्यांची छाटणी वेगळी. हिवाळ्यात एकदाच. वेल गुडघ्याएवढी, एक लांब काडी ठेवून तारेला बांधायची, बाकी सगळं साफ. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोपच मिळत नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि वर डोळ्यांना पेस्ट लावून तिला जागं करतो. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, 'मग ती बिचारी झोपते कधी?' मला उत्तर देता आलं नाही.

साडेअकरा वाजले होते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा बागेतच होते, माल तोडणीला आलेला, डोक्यावर मांडव. मादामनी स्क्रीनमध्ये बघितलं आणि फेब्रुवारीत एवढं हिरवं बघून नवऱ्याला हाक मारली. अण्णांनी इकडची वाळकी खुंटं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, 'खुंट कुठला हाय त्यांचा?' मी विचारलं. अमेरिकन. आमचा डॉगरीज, तोही टेक्सासचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या वेली मुळापासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करून त्या वाचवल्या. आम्ही डॉगरीज घेतला तो क्षाराच्या पाण्यासाठी. वर थॉम्पसन असो नाहीतर मेर्लो, खाली दोन्हीकडे परकं मूळ. अण्णा म्हणाले, 'मग पावणंच की.'

तेवढ्यात माझं लक्ष मागे गेलं. ओळींच्या पलीकडे एक मोठा तुकडा मोकळा होता. उकरलेली माती आणि उपटलेल्या खुंटांचा डोंगर, घराच्या उंचीचा. विचारलं तर मादाम म्हणाल्या, तो मेर्लो होता. चार हेक्टर. जानेवारीत काढला.

बोर्दोत वाईन जास्त झालीये आणि पिणारे कमी. फ्रान्समध्येच लोक लाल वाईन पूर्वीएवढी पीत नाहीत. म्हणून 2023 मध्ये सरकार आणि तिथल्या वाईन व्यवसायाच्या संघटनेने मिळून योजना काढली, बाग उपटा, हेक्टरी 6,000 युरो घ्या. एकूण 9,500 हेक्टर. अट ही की त्या जमिनीत पुन्हा वेल लावायची नाही. तेव्हाच्या भावाने एकरी दोन लाखांच्या थोडे वर पडतात. मी हे अण्णांना सांगितलं. पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, 'बाग काढायला बी पैसं देत्यात व्हय?'

मी हसलो नाही. कारण आमच्या घरी तोच विषय चालू होता. लावायला कर्ज मिळतं, काढायला काही नाही, जेसीबीचं भाडंही पदरचं. आदल्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागला, त्याच्या आदल्या वर्षी एक व्यापारी माल भरून गेला तो पैसे न देताच गेला. दिवाळीत मी एक एक्सेल शीट केली होती. पाच वर्षांचा खर्च, पाच वर्षांचं उत्पन्न, शेवटी लाल रकाना. अण्णांना लॅपटॉपवर दाखवली आणि म्हटलं, काढून टाकू. अण्णांनी शीट पूर्ण बघितली, चष्मा काढला, आणि गोठ्याकडे गेले. त्यानंतर आम्ही फोनवर हवामान सोडून काही बोलत नव्हतो. तो व्हिडिओ कॉल तीन महिन्यांतला पहिला मोठा कॉल होता, हे मी मादामना सांगितलं नाही.

कॉल झाल्यावर त्यांनी शेडमध्ये नेलं. सिमेंटच्या टाक्या, थंडगार, थोडा आंबूस वास. एका टाकीच्या तोटीतून पेल्यात पांढरी वाईन काढून दिली. सेमियों जातीची. खरं सांगू? मला आंबट लागली, मग मधासारखं काहीतरी, मग परत आंबट. थुंकायला बादली होती, पण मी लाजेखातर गिळली.

ही वाईन ज्या वेलींची, त्या त्यांच्या सासऱ्यांनी लावलेल्या. जुन्या, उतारा कमी. काढलेला मेर्लो मात्र जवान आणि भरपूर देणारा. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी म्हटलं, मादाम, उलटं केलंत. म्हातारी बाग ठेवलीत आणि जोरातली काढलीत?

त्यांनी टाकीवर खडूने आकडे लिहून दाखवले. बोर्दोत वाईनचा घाऊक सौदा तोनोवर होतो. एक तोनो म्हणजे 900 लिटर, 225 लिटरची चार पिंपं. मेर्लोचा सगळा माल व्यापाऱ्याला घाऊक जायचा, तोनोला हजार युरोसुद्धा मिळत नव्हते. तेवढ्यात 1,200 बाटल्या भरतात. सेमियों थोडी होते, पण ती त्या स्वतः बाटलीत भरतात आणि याच शेडमधून आठ युरोला विकतात. जेवढी होते तेवढी खपते. शिवाय 2023 मध्ये केवडा सगळ्यात जास्त मेर्लोवरच आला होता, फवारून फवारून जीव गेला. म्हणजे जास्त पिकवलं की जास्त तोटा. 'माझ्या मुलीने वयावरून यादी केली होती,' त्या म्हणाल्या. 'मी तिला म्हटलं, प्रत्येक तुकड्यात चाल आधी.'

आणि मग जरा थांबून, 'पण रडले मी मेर्लोसाठीच. तो मी लावला होता.'

येताना चढावर सायकल ढकलत मी माझी शीट डोक्यात उघडली. तीन एकर बाग, एक ओळ. बस. मी अण्णांची सगळी जमीन एका रकान्यात बसवली होती! विहिरीजवळचा एकर, रस्त्याकडचा एकर, माळावरचा एकर, हे मला पाठ आहे, तिथे मी लहानाचा मोठा झालोय, आणि शीटमध्ये मी ते वेगळे केलेच नव्हते. पाणी वेगळं, माती वेगळी, कुठला माल बेदाण्याला जातो, कुठला बाजाराला, सगळं वेगळं.

रात्री फोन केला. म्हटलं, अण्णा, माळावरच्या तुकड्याचा खर्च सांगा, फक्त तेवढ्याचा. ते म्हणाले, लिही. आणि न थांबता पाच वर्षांचं सांगत गेले. टँकर किती, मजूर किती, औषध किती, बेदाणा कोणत्या सौद्यात काय भावाने गेला. कागद नाही, काही नाही. मी टाइप करताना मागे पडत होतो. शेवटी मी बेरीज सांगायच्या आत म्हणाले, 'माळावरची तोट्यातच हाय, मला ठावं हाय. तू सगळी काढ म्हणालास, म्हणून बोललो न्हाई.'

माळावरची बाग आम्ही एप्रिलमध्ये काढली. मी सुट्टी घेऊन आलो होतो. जेसीबीवाल्याला अर्धा दिवसही लागला नाही. विहिरीजवळची आणि रस्त्याकडची ठेवलीये. त्या दोन्हींचं गणित आता ठीक दिसतंय, पण पुढच्या नोव्हेंबरात पाऊस काय करेल ते मला शीटमध्ये लिहिता येत नाही. कर्जही अजून आहे.

माळावरचे लोखंडी अँगल आणि तारा मात्र अण्णांनी काढू दिल्या नाहीत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मी विचारलं, आता तिथे काय करायचं ठरवलंय? म्हणाले, 'ऱ्हाऊ दे, कारली चढवू.'

मादामनी दिलेली सेमियोंची बाटली घरी आहे. अण्णांच्या गळ्यात माळ, त्यामुळे ती कोणी उघडलेली नाही. आईने ती देवळीत ठेवलीये, चुन्याच्या डब्याशेजारी.