‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये मी पाण्याच्या टाकीवर, पार्किंगवर आणि लिफ्टच्या खर्चावर भरपूर बोललो आहे. माझ्या व्यवसायावर बोलायची मात्र ही पहिलीच वेळ. आयुष्यभर पोटाची ऑपरेशनं केलेला मी सर्जन. म्हणून आज विषय घेतला आहे पित्ताशयाचा.

आपल्या मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार राबवला जातो. छातीत जळजळलं की पित्त, उन्हात डोकं दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच! मग कुणी थंड दूध देतं, कुणी मोरावळा, कुणी अंगाला आमसुलाचं पाणी लावतं. खरं तर जळजळ बहुधा जठरातल्या आम्लामुळे होते आणि गांधी पुष्कळदा ॲलर्जीमुळे उठतात. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, आणि तो आम्ल नसतो.

आपल्या इमारतीवरून समजून घेऊ. यकृत हा चोवीस तास चालणारा पंप. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तो बनवतो. यकृताच्या खाली, उजव्या बरगडीआड, छोट्या पेरूएवढी पिशवी असते. ते पित्ताशय, म्हणजे आपली टाकी. मावतं फक्त ३० ते ५० मिलिलिटर, पण पाणी शोषून ती आतला रस घट्ट करून ठेवते. आपण तुपातलं, तेलातलं खाल्लं की आतड्यातून निरोप येतो, पिशवी आकसते आणि रस पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरतो. तिथे तो स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. शेवटच्या टोकाला मात्र एक गंमत आहे. स्वादुपिंडाची नळीही बहुतेकांत तिथेच येऊन मिळते. म्हणजे दोन फ्लॅटची लाइन एक आणि तोंडही एकच. ते तुंबलं की दोघांचेही हाल.

पित्तरसात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं. त्याचं प्रमाण वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की खडे धरू लागतात. स्त्रियांना, चाळिशीनंतर, गरोदरपणात, वजन जास्त असल्यास आणि क्रॅश डाएट करून वजन झपाट्यानं उतरवल्यासही धोका वाढतो. पण सडपातळ पुरुषांनी निर्धास्त राहू नये. त्यांचेही खडे मी काढले आहेत.

आता माझी गोष्ट. आई गावी धाकट्या भावाकडे राहायची. दोन वर्षांत पाच-सहा वेळा तिचा फोन आला. लग्नाचं किंवा सणाचं जेवण झालं की रात्री पोटात वरच्या बाजूला कळ यायची, उजव्या खांद्यामागे जायची, दोन-तीन तास तळमळ, उलटी, मग आपोआप थांबायचं. मी ओपीडीच्या घाईत म्हणायचो, “पित्त झालंय गं, गोळी घे, रात्री कमी जेव.” रोज पित्ताशय काढणारा मी, आईला एक सोनोग्राफी सांगितली नाही!

एका होळीला पुरणपोळी झाली आणि कळ आली. या वेळी थांबली नाही. तिसऱ्या दिवशी भावजयीचा फोन, “भाऊजी, आईंना हुडहुडी भरून ताप आलाय. डोळे हळदीसारखे झालेत. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणलीय, घालू का?” मी म्हटलं, “माळ राहू दे, आधी गाडी बोलाव.”

ती माळ आपोआप लांबत जाते म्हणून लोकांचा विश्वास बसतो. ओल्या काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. इकडे आईचा खडा पिशवीतून निसटून पित्तनलिकेत अडकला होता आणि वर जंतुसंसर्ग झाला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला. पुढे पित्ताशयही काढलं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बरी झाल्यावर एवढंच म्हणाली, “तू डॉक्टर आहेस, म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही रे.” त्यानंतर ती नऊ वर्षं जगली, पण ते वाक्य माझ्याजवळ अजून आहे.

म्हणून नीट लक्षात ठेवा. सोनोग्राफीत सहज खडे सापडले आणि त्रास काहीच नसेल, तर घाबरू नका. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा पिशवीत एक सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल, तर मात्र सर्जनना भेटा. कळा येत असतील तर ऑपरेशन टाळू नका, कारण त्या पुन्हा येतात. हा मूतखडा नव्हे. भरपूर पाणी पिऊन किंवा पानफुटी खाऊन तो पडत नाही. व्हॉट्सॲपवरच्या तेल-लिंबाच्या उपायानं जे हिरवे गोळे पडतात, ते बहुधा तेलाचाच साबण झालेले असतात.

“नुसते खडे काढा, पिशवी ठेवा,” असंही लोक म्हणतात. पण पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. टाकी काढली तरी पंप चालू असतोच, रस थेट आतड्यात येतो, माणूस नीट जेवतो. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढलं. दुर्बिणीचं ऑपरेशन जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये केलं, आणि आपल्या मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर द्यावी लागे. आता तीन-चार छोट्या छिद्रांवर काम भागतं आणि बरेच पेशंट दुसऱ्या दिवशी घरी येतात.

पोटदुखी, थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे, ही तिन्ही एकत्र दिसली तर रात्र काढू नका, त्याच वेळी निघा. वयस्कर माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज आणि शौचाचा रंग पांढुरका असेल, तर पथ्यावर वेळ न घालवता तपासणी करा. आणि वरच्या पोटातली कळ हृदयाचीही असू शकते. घाम आणि धाप असेल तर आधी ईसीजी.

घरात कुणी “पित्त झालंय” म्हटलं तर गोळी देण्याआधी तीन प्रश्न विचारा. कुठे दुखतंय? किती वेळ दुखतं? याआधी जेवणानंतर असंच झालं होतं का? उत्तरं ऐकून शंका आली तर उपाशीपोटी एक सोनोग्राफी करून घ्या. मला ए विंगला बेल वाजवून विचारलंत तरी चालेल. आता मी फोनवर ‘पित्त असेल’ म्हणत नाही.