दादा, मीटरने की ॲपने?

आत्ता कॅबमध्ये बसून हा भाग ऐकत असाल तर हेडफोन लावा, कारण आज आपण ड्रायव्हर आणि पॅसेंजर यांच्यातल्या बोलण्याबद्दलच बोलणार आहोत. शहर पुणे. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्यातून तीन-चारदा कॅबने जातो आणि गप्पा मारायची सवय आहे.

आधी या गप्पा ठरलेल्या असायच्या. "दादा, गाव कुठलं?" "लातूरकडचं." मग पाऊस झाला का, सोयाबीनला काय भाव, वाकडच्या चौकात एवढं ट्रॅफिक का, असं करत घर यायचं. आता गप्पा सुरू व्हायच्या आधीच फोन येतो. "सर, आपण ॲपवरचं भाडं घेत नाही. मीटरने घेतो. चालेल ना?"

इथून पुढे बहुतेक वेळा भांडण सुरू होतं. तर हे नेमकं काय आहे, ते आधी बघू.

पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे आरटीएने, एसी कॅबसाठी एक दर ठरवला होता. पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये. २०२४ मध्ये ठरलेला हा दर. ॲपवरचं भाडं मात्र त्यापेक्षा बरंच कमी दिसायचं. मग २०२५ च्या मे महिन्यापासून पुण्यातल्या बऱ्याच ड्रायव्हरांनी सरकारी दरानेच पैसे मागायला सुरुवात केली. गाडीत मीटर नसतोच. एका वेबसाइटवर किलोमीटर टाकायचे, ती भाडं सांगते. त्यालाच सगळे मीटर म्हणतात.

आता गणित करू. समजा तुमची राइड १२ किलोमीटरची आहे. पहिल्या दीड किलोमीटरचे ३७. उरले साडेदहा, त्याचे २५ ने २६२ रुपये ५० पैसे. झाले साधारण ३००. आणि ॲपवर, समजा, २१० दिसतायत. तुमच्या दृष्टीने हा माणूस ९० रुपये जास्त मागतोय. साहजिक आहे, राग येणारच.

पण तो काय बघतोय? तुम्हाला घ्यायला तो ३ किलोमीटर रिकामा आला. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर १२ किलोमीटर, त्याच्या गाडीवर १५. वर सीएनजी, गाडीचा हप्ता, आणि ॲपचा वाटा. एका दादांनी मला सरळ विचारलं होतं, "सर, तुम्हाला २१० दिसतात. मला किती दिसतात, ते बघितलंय का कधी?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी स्वतः कोड लिहितो म्हणून सांगतो, इथे एक ॲप नसतंच, दोन असतात. एक पॅसेंजरचं, एक ड्रायव्हरचं. दोघांना तीच राइड दिसते, पण माहिती वेगवेगळी दिसते. तुम्ही किती भरणार आणि त्याला किती मिळणार, हे दोन आकडे वेगळे. कोणाला काय दाखवायचं हे गाडीत बसलेल्या दोघांपैकी कोणीच ठरवत नाही.

आपल्याला चीड आणणारे ड्रायव्हरांचे दोन प्रश्नसुद्धा यातूनच आलेत. "ड्रॉप कुठे आहे?" कारण बरीच वर्षं राइड घेण्याआधी त्यांना ड्रॉप दिसायचाच नाही. रात्री अकराला घरी जायच्या वेळी उलट्या दिशेची राइड आली तर परत येताना गाडी रिकामी. "कॅश की ऑनलाइन?" कारण ऑनलाइन पैसे आधी कंपनीकडे जातात आणि नंतर त्याच्याकडे. कॅश असली की त्यात लगेच सीएनजी भरता येतो.

बरं, म्हणून पॅसेंजरचं चुकतं का? अजिबात नाही. नवी नोकरी, पंधरा तारखेलाच अकाउंट रिकामं, आणि स्क्रीनवर २१० बघून बुक केलेलं. त्यात ड्रॉपला पोचल्यावर कोणी म्हणालं "३०० द्या", तर ते चूकच आहे. रात्री उशिरा एकटी मुलगी असेल तर ती भांडणार कशी? ती घाबरून पैसे देणार आणि पुन्हा कॅबमध्ये कोणाशी बोलणार नाही. यात नुकसान त्या प्रामाणिक दादांचंही होतं, ज्यांनी आधीच फोन करून सांगितलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: भाड्याचं बोलणं ओटीपी द्यायच्या आधी संपवा. "दादा, मीटरने की ॲपने? एकूण किती होतील?" आकडा ठरवून घ्या. परवडत नसेल तर "नाही जमणार दादा" म्हणा आणि दुसरी गाडी बघा. ड्रायव्हर मित्र ऐकत असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे. गाडी निघाल्यावर भाडं बदलू नका.

आणि वाद झालाच, तर आवाज चढवण्याआधी एकमेकांना स्क्रीन दाखवा. मी दोन-तीनदा हे केलंय. "माझ्याकडे हे दिसतंय, तुमच्याकडे काय?" दोन्ही आकडे शेजारी आले की समोरचा लुटतोय हा संशय बराच कमी होतो. पैसे कमी होत नाहीत, ते खरं.

कारण पैशाचा प्रश्न गाडीत सुटणारच नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने ॲप कॅबसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गाडी ड्रायव्हरची स्वतःची असेल तर भाड्यातला किमान ८० टक्के वाटा त्याला मिळावा आणि गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावं, असं त्यात आहे. पण अंमलबजावणी राज्यांच्या हातात. तिथे आवाज उठवायचा तर ड्रायव्हर आणि पॅसेंजर, दोघांनी उठवायला हवा. आपण मात्र ९० रुपयांवरून एकमेकांना एक स्टार देत बसलोय.

शेवटचं. दादांना "दिवसाला किती सुटतात?" हे बसल्या बसल्या विचारू नका. आपल्याला कोणी पहिल्या भेटीत पॅकेज विचारलं तर कसं वाटतं? त्यापेक्षा गाव विचारा. आणि त्यांना किंवा तुम्हाला बोलायचं नसेल तर गप्प बसणंही छान असतं.

तुमच्या कॅबमध्ये असं काही बोलणं झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. ड्रायव्हर असाल तर नक्कीच पाठवा, पुढच्या भागात तुमची बाजू आधी ऐकवू. चला, भेटू!