वाक्य आधी, व्याख्या मागाहून



प्राथमिक शाळेत व्याकरणाचा तास सुरू झाला की वर्गाचा उत्साह ओसरतो, हे बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. फळ्यावर व्याख्या लिहिली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी घोकून येतात आणि एका सुरात म्हणून दाखवितात. नाम कशास म्हणावे आणि क्रियापद कशास म्हणावे, हे चौथीतील मूल न अडखळता सांगते. मात्र 'गणूने सामन्यात दहा धावा काढल्या' हे वाक्य त्याच्यापुढे ठेवले की तेच मूल 'धावा' या शब्दाखाली रेघ ओढून हे क्रियापद आहे असे सांगते. का, असे विचारले तर उत्तर तयार असते : धावणे ही क्रिया आहे, आणि क्रिया दाखविणारा शब्द ते क्रियापद. मुलाने व्याख्येशी प्रतारणा केलेली नाही. व्याख्येनेच त्याला आडवाटेला नेऊन सोडले आहे. उलट 'विहीर खोल आहे' या वाक्यात कोणी काहीच करीत नाही, तेव्हा येथे क्रियापदच नाही असे ते म्हणते, आणि व्याख्येला धरून पाहिले तर त्याचे म्हणणे तर्कशुद्धच ठरते.

या घोटाळ्याचे मूळ एकच आहे. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. वाक्यात तो जे काम करतो त्यावरून ती ठरते. 'मुले मागे बसली' यातील 'मागे' हे क्रियाविशेषण आहे, कारण ते बसण्याविषयी काही सांगते. 'घरामागे विहीर आहे' यात तोच शब्द घराला जोडून आला आणि शब्दयोगी अव्यय झाला. 'गोड आंबा' म्हटले तर 'गोड' हे विशेषण, 'ती गोड गाते' म्हटले तर क्रियाविशेषण आणि 'आजोबांना गोड वर्ज्य आहे' म्हटले तर चक्क नाम. 'ती आली' यातील 'ती' सर्वनाम आहे. 'ती मुलगी आली' यात मात्र तोच शब्द विशेषणाचे काम करतो. शब्दांची यादी देऊन प्रत्येकापुढे त्याची जात लिहावयास सांगणारा प्रश्न म्हणूनच अपुरा असतो. वाक्यावाचून 'गोड' या शब्दाची जात मोठमोठ्या वैयाकरणांनाही सांगता यावयाची नाही. ती नऊ वर्षांच्या मुलाने सांगावी, ही अपेक्षा अवाजवी होय.

शब्दांच्या ज्या आठ जाती शाळेत शिकविल्या जातात, त्या मराठीच्या जन्माबरोबर आलेल्या नाहीत, हेही शिक्षकाने मनाशी ठेवणे इष्ट आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले. पाणिनीला तर पदांची सुबन्त आणि तिङन्त अशी दोनच कुळे पुरली. आठांची विभागणी ग्रीक व लॅटिन वैयाकरणांपासून इंग्रजीत आली. पुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून मराठीची व्याकरणे रचली गेली, तेव्हा ती मराठीत रुळली. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील सेरामपूर येथे निघाले, ते इंग्रजीतून. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी शाळांतील व्याकरणाचा पाया त्याने घातला. मोरो केशव दामले यांचा शास्त्रीय मराठी व्याकरण हा ग्रंथ १९११ चा. या सर्व वर्गीकरणाची त्यात कसून झडती घेतलेली आहे. विद्वानांचे ज्या प्रश्नावर मतभेद झाले, तो प्रश्न मुलापुढे निर्विवाद सत्य म्हणून मांडून छडी उगारणे बरे नव्हे. आठ जाती ही एक सोय आहे. सोय म्हणून त्या अवश्य शिकवाव्यात.

आता दुसरी बाजू पाहू. शाळेत पाऊल टाकणाऱ्या मराठीभाषक मुलाला व्याकरण येत नसते, हा समज खरा नाही. 'काळा बैल, काळी गाय, काळे वासरू' असे ते बिनचूक बोलते. मात्र 'लाल' या शब्दाशी गाठ पडली की ते 'लाला बैल, लाली गाय' असे कधी म्हणत नाही. काही विशेषणे नामाच्या लिंगाप्रमाणे रूप बदलतात, काही बदलत नाहीत, हा नियम त्याला कोणी सांगितलेला नाही. तो त्याच्या जिभेवर आहे. 'गणूने आंबा खाल्ला, गणूने पोळी खाल्ली, गणूने केळे खाल्ले' या तीन वाक्यांत खाणारा एकच असूनही क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे फिरते. प्रौढपणी मराठी शिकू पाहणाऱ्या परभाषी माणसाला हा कर्मणी प्रयोग घाम फोडतो. सहा वर्षांचे मूल तो खेळताखेळता वापरते. बस, पेन्सिल, टेबल हे परके शब्द घरात आले तेव्हा त्यांना लिंगे वाटून देण्यासाठी कोणी सभा भरविली नव्हती, तरी 'बस आली' आणि 'टेबल मोडले' असेच सर्वांच्या तोंडून निघते.

तेव्हा व्याकरणाच्या तासाचे काम नवे ज्ञान ओतण्याचे नसून मुलापाशी जे आहे ते त्याच्या नजरेस आणून देण्याचे आहे. त्यासाठी आरंभ वाक्यापासून व्हावा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या शब्दपट्ट्या एवढेच साहित्य त्यास पुरे. 'कुत्र्याने', 'मांजर', 'पकडले' अशा तीन पट्ट्या तीन मुलांच्या हाती देऊन त्यांना वर्गापुढे उभे करावे आणि जागा बदलावयास सांगावे. तीन मुलांच्या सहा रांगा होतात. सहाही वाचून पाहिल्या तर प्रत्येक वेळी पकडणारा कुत्राच राहतो. जोर तेवढा इकडून तिकडे सरकतो. 'मांजर कुत्र्याने पकडले' म्हटले की वर्गातील एखादे मूल आपण होऊन पुस्ती जोडते, 'वाघाने नव्हे!' मग चौथ्या मुलाच्या हाती 'मांजराने' आणि पाचव्याच्या हाती 'कुत्रा' देऊन जुन्या पट्ट्या खाली ठेवाव्यात. 'मांजराने कुत्रा पकडले' असे वाचताच वर्गात हशा पिकतो आणि 'पकडला, पकडला' असा गलका होतो. मांजराने कुत्र्याला धरले याचेही हसू असते, पण क्रियापदाची चूक मुलांच्या कानांनीच पकडलेली असते. या एका खेळात कर्ता कोण हे जागेवरून नव्हे तर 'ने' वरून कळते, आणि अशा वाक्यात क्रियापद कर्माच्या ओढीने बदलते, या दोन्ही गोष्टी मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. कर्ता, कर्म ही नावे त्यांना त्यानंतर सांगावीत. आधी पाहिलेल्या वस्तूचे नाव लक्षात राहते.

उद्देश्य आणि विधेय यांचाही असाच पाठ घेता येतो. फळ्यावर 'बैल आला' एवढेच लिहावे. कोणाविषयी सांगितले? बैलाविषयी. काय सांगितले? आला, असे. मग वर्गाने प्रश्न विचारावेत आणि वर्गानेच उत्तरे द्यावीत. कोणाचा बैल? कसा बैल? कोठून आला? कसा आला? पाहता पाहता 'पाटलांचा पांढरा बैल शेतातून धावत आला' असे वाक्य उभे राहते. 'पांढरा' हा शब्द बैलाला चिकटला आहे आणि 'धावत' हा येण्याला, हे रंगीत खडूने बाण काढून दाखविले की विशेषण व क्रियाविशेषण यांतील भेद निराळा शिकवावा लागत नाही. नाम ओळखण्यासाठीही रिकाम्या जागेची कसोटी व्याख्येपेक्षा भरवशाची आहे. '— पडला' या जागी आंबा बसतो, पाऊस बसतो, गणू बसतो, 'तो' बसतो. 'हळूहळू' घातले तर कोण पडला हा प्रश्न उरतोच. 'तो' आणि 'आंबा' एकाच जागी का बसतात, हे विचारल्यावर सर्वनामाचा पाठ निम्मा झाला.

उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्ययांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. 'आणि', 'पण', 'अबब', 'शाबास' ही मुलांना गोष्टीच्या ओघात सहज दाखविता येतात.

लेखनात मात्र काही गोष्टी कानाला कळत नाहीत आणि त्या नियमानेच शिकवाव्या लागतात. 'विहीर' पण 'विहिरीत', 'फूल' पण 'फुलाला', 'मूल' पण 'मुलाने' : प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे सामान्यरूप होते, त्यात उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. 'शरीर' हा शब्द तत्सम असल्याने 'शरीरात' असाच राहतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. उच्चारात न येणारे अनुस्वार तेव्हापासून गेले, पण 'मुलांना' सारख्या अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार राहिला. तो तेथे का आहे, हे सामान्यरूप समजलेल्या मुलालाच सांगता येते. शुद्धलेखन आणि व्याकरण हे दोन निराळे तास मानण्याची चाल याच ठिकाणी नुकसान करते.

याहून मोठे नुकसान दुसऱ्या एका सवयीने होते. मुलाने वर्गात 'म्या आंबा खाल्ला' म्हटले की हशा पिकतो आणि कित्येकदा त्यात शिक्षकही सामील होतो. वस्तुतः 'म्या' हे 'मी' या सर्वनामाचे तृतीयेचे जुने रूप होय. जुन्या व्याकरणांतून 'मी, म्यां' अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिलेली आढळतात. 'गणूने खाल्ला' यात कर्त्याला 'ने' लागतो. 'मी खाल्ला' यात प्रमाणभाषेने कर्त्याचे चिन्ह टाकून दिले आणि खेड्यातील बोलीने ते जपून ठेवले. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर येथे बोलीच अधिक काटेकोर आहे. वऱ्हाडातील मूल 'बाबा जेवून राहिले' म्हणते तेव्हा बाबांचे जेवण चालू आहे असा त्याचा अर्थ असतो. पुण्याकडून बदलून आलेल्या शिक्षकाला वाटते की जेवण उरकले. हा गोंधळ मुलाच्या अज्ञानातून झालेला नाही. त्या बोलीत चालू क्रिया सांगण्याची ती ठरलेली, नियमबद्ध रीत आहे. अशा वेळी 'चूक!' असे म्हणून पुढे जाण्याऐवजी फळ्यावर दोन रकाने आखावेत; एकात घरचे बोलणे, दुसऱ्यात पुस्तकातील बोलणे. 'जेवून राहिले' समोर 'जेवत आहेत'. 'म्या' समोर 'मी'. परीक्षेत व अर्जात दुसरा रकाना लागतो हे मुलाला स्पष्ट सांगावे, ते लपविण्यात त्याचे हित नाही. पण पहिला रकाना पुसून टाकण्याचा अधिकार शाळेला कोणी दिलेला नाही. आईची भाषा अशुद्ध आहे असे जे मूल पहिलीत शिकते, ते वर्गात तोंड उघडण्याचे टाळू लागते, आणि जे मूल बोलतच नाही त्याला वाक्यरचना शिकविण्याचा कोणताही उपाय शिक्षकापाशी उरत नाही.

आतापर्यंतचे विवेचन ज्यांच्या घरी मराठीची कोणतीतरी बोली चालते, त्या मुलांना लागू पडते. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या भागांतील शिक्षकांना ती नित्य भेटते. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, तर कोरकू मुंडा कुळातील. गोंडीत लिंगे दोन : पुल्लिंग, आणि पुल्लिंग नसलेले ते सारे दुसऱ्यात. कोरकूत भेद मानला जातो तो सजीव आणि निर्जीव यांचा. अशा मुलाने 'भिंत पडला' किंवा 'वही फाटले' लिहिले तर ती निष्काळजीपणाची खूण नव्हे. दार नपुंसकलिंगी, दरवाजा पुल्लिंगी आणि खिडकी स्त्रीलिंगी का, याचे समर्पक उत्तर मराठी शिक्षकाला तरी कोठे देता येते? त्या मुलाचा कान मराठीत तयार झालेला नाही. म्हणून 'कानाला काय खटकते' हा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. त्याला प्रत्येक नवे नाम विशेषणासह द्यावे : नुसते 'भिंत' नव्हे, 'पांढरी भिंत', नुसते 'दार' नव्हे, 'मोठे दार'. लिंग त्या जोडीबरोबर स्मरणात बसते. सुदैवाची गोष्ट अशी की गोंडी आणि कोरकू या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, मराठीप्रमाणेच. म्हणून शब्दपट्ट्यांचा खेळ तेथेही चालतो. त्याची सुरुवात वर्गातील मुलांकडून त्यांच्या भाषेतील एक वाक्य घेऊन, ते देवनागरीत पट्ट्यांवर लिहून आणि त्याखाली मराठी वाक्याच्या पट्ट्या मांडून करावी. कोणती पट्टी कोणत्या पट्टीखाली येते, हे त्या दिवशी वर्गाने शिक्षकाला समजावून द्यावयाचे असते.

राहिला प्रश्न परीक्षेचा. व्याख्या लिहा, या प्रश्नाला गुण देणे सोपे असते, म्हणून तो विचारला जातो. त्याऐवजी चाचणीत 'मागे' हा शब्द दोन निराळ्या कामी योजून दोन वाक्ये लिहावयास सांगावे. 'मुलगी आली' हे वाक्य किमान सहा शब्दांचे करावयास सांगावे. 'गणूने पोळी खाल्ली' यात पोळीच्या जागी 'लाडू' घालून वाक्य पुन्हा लिहावयास सांगावे. तपासणीस थोडा अधिक वेळ लागेल. वर्ग चाळीस मुलांचा असेल तर सर्व वह्या एका दिवशी न घेता दररोज आठ घ्याव्यात, म्हणजे पाच दिवसांत प्रत्येक मुलाचे वाक्य शिक्षकाच्या नजरेखालून जाते.