मागांच्या गावात बाळाची झोप



विट्यात पाहुणा पहिल्यांदा मुक्कामाला आला की त्याची रात्र मागांच्या खडखडाटात जागून जाते. त्याच घरातलं तान्हं मूल मात्र गाढ झोपलेलं असतं. आणि मध्यरात्री लाइट गेली, माग थांबले, की तेच मूल दचकून उठतं! डोळा लागताना जे होतं ते डोळा उघडल्यावर नसलं, की त्याचं बिनसतं.

लहान मुलाची झोप सलग नसते. साधारण तासाभरानं ती पातळ होते, मूल चुळबुळतं. झोप लागली होती आजीच्या खांद्यावर, जाग येते गोधडीवर एकट्यानं. तुम्ही घरात झोपलात आणि जाग शेताच्या बांधावर आली, तर तुम्हीही ओरडालच की!

म्हणून मूल पेंगुळलं की लगेच अंथरुणावर ठेवावं. शेजारी बसावं, थोपटावं. काही रात्रींनी थोपटणं हलकं करावं, मग नुसता हात ठेवावा, पुढं हातही काढून घ्यावा. उठून मात्र जाऊ नये. रडलं तर उचलावं, शांत करावं, पुन्हा ठेवावं. दार लावून घ्या आणि रडू द्या, असं सांगणारी परदेशी पुस्तकं आहेत. दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असताना, हे जमायचं नाही. आणि जमलं तरी करू नये, असं माझं मत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर यातलं काहीच शिकवायला जाऊ नका. ते भुकेनं उठतं. त्याला अंगावर घ्या.

मूल झोपावं ही घाई बहुतेक वेळा पोटामागच्या कामाची असते. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायांची डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी १९२२ च्या सुमारास पाहणी केली. या बायांच्या १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. बाळागोळी म्हणत तिला. आई पाळीवर आणि मूल गुंगीत. त्या माउलींना दोष कुठल्या तोंडानं द्यायचा? पण आज आपण काय करतो? ‘जरा झोपेल तरी’ म्हणून सर्दीचं औषध पाजतो, नाहीतर हातात मोबाईल देतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असलं औषध मुळीच देऊ नका. आणि मोबाईलचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की येणारी झोप लांबते.

यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, दूर केरळात नाहीतर तमिळनाडूत. दुकान बंद करून तो रात्री उशिरा व्हिडिओ कॉल करतो आणि पेंगलेलं पोरगं टुणकन उठून बसतं. बापाला भेटू नको कसं म्हणायचं? तो कॉल सकाळी घ्या, दुकान उघडायच्या आधी. पोरगंही ताजंतवानं असतं आणि बापही. संध्याकाळी मात्र रोज एकच क्रम ठेवा: जेवण, हात-पाय धुणं, दिवा मंद, एखादी ओवी किंवा गोष्ट. गोष्ट रोज तीच असली तरी मुलाची तक्रार नसते. कंटाळा आपल्याला येतो.

किती झोप लागते? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलेले आकडे दुपारच्या झोपेसह असे: चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता झोळी. दुपारच्या डुलकीपुरती, नजरेसमोर असेल तर ठीक. रात्री वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्याच खोलीत, पण सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर निजवा. उशी नको, राळ्याचीसुद्धा नको. तोंडावर येईल अशी दुलईही नको. डोकं चपटं होईल म्हणून आजी रागावतील. त्यांना सांगा, बाळ जागं असताना दिवसातून चार वेळा त्याला पोटावर पालथं घाला आणि समोर बसून खुळखुळा वाजवा. ते काम आजींइतकं छान दुसऱ्या कुणाला जमतंय!