बारा गुणिले चौदा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९३ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आपापल्या आवडीचा घ्या असं सांगितलंय. मागच्या मेळाव्यात एकाने मधुमेहावर आणि एकाने म्युच्युअल फंडावर भाषण केलं. म्हणजे आपल्या वयाचे दोन्ही विषय संपले. मी आज घरी जोडलेल्या गेमिंग कॉम्प्युटरवर बोलणार आहे. हसा, हसा. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, आजवर एकही गेम खेळलेली नाही, आणि तरी बोलणार आहे.

आपल्या शाळेतला तो एकमेव कॉम्प्युटर आठवतोय ना? कुलूपबंद खोली, वर निळं कापड, आणि चपला बाहेर काढून ओळीने आत जायचं. मुलींच्या ओळीचा नंबर आला की नेमकी घंटा व्हायची. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं २०२३ च्या मे महिन्यात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आमच्या नाशिकच्या घरात जेवणाच्या टेबलावर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, २०२१ मध्ये माझे यजमान गेले. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्यानंतर तो घरात असायचा, पण बोलायचा नाही. जेव, झोप, दार बंद. दोन वर्षांनी तो आपण होऊन माझ्याशी बोलायला आला, तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. त्यावर आठ ओळी आणि आठ किमती. म्हणाला, "आई, मला गेमिंग पीसी जोडायचाय. पंचवीस हजार माझे आहेत." शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. बाकीचे पंचेचाळीस माझ्या आवर्ती ठेवीतून हवे होते.

माझा पहिला शब्द "नाही" असाच होता. मग वाटलं, दोन वर्षांनी पोरगं काहीतरी मागतंय. मी अट घातली, "प्रत्येक ओळीचं कारण मला समजेल असं सांग. पटलं तर पैसे." पुढचे पंधरा दिवस रोज रात्री आमची बैठक बसायची. तिथे जे शिकले ते तुम्हाला सांगते. तुमच्याही घरी कुणीतरी असा कागद घेऊन येईल.

माझी समजूत होती की आधी प्रोसेसर ठरवायचा. तो म्हणाला, आधी पडदा ठरव. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे साधारण २१ लाख. फोर-के पडद्यावर ८३ लाख. कार्डाला चित्राची प्रत्येक चौकट नव्याने काढावी लागते, म्हणजे काम चौपट आणि कार्डही तेवढंच महाग. शिवाय साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, गेमिंगचा १४४ किंवा अधिक. आम्ही २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झचा घेतला, अकरा हजारांना. पडदा ठरला आणि अर्धे वाद मिटले.

दुसरी ओळ ग्राफिक्स कार्डाची, रेडिऑन आरएक्स ६६००, साडेएकवीस हजार. एकूण खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मी म्हटलं, हे कमी करू. तो म्हणाला, गेमिंगचा कॉम्प्युटर असेल तर सगळ्यात मोठा वाटा याचाच असतो. नुसता हिशेब आणि टायपिंग असेल तर हे कार्ड लागतच नाही. मला ते पटलं. २०२१ मध्ये हीच कार्डं मिळत नव्हती. आभासी चलन तयार करणारे लोक ती उचलत होते, आणि किमती छापील भावाच्या कितीतरी वर गेल्या होत्या. पोरगं दोन वर्षं गप्प राहून बाजारभाव बघत होतं, हे मला तेव्हा कळलं.

प्रोसेसर एएमडीचा रायझेन ५ ५६००, सहा कोअरचा, बारा हजार. याच्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स नाही, हे लक्षात ठेवा. मॉनिटरची वायर कार्डाला लावायची असते. आम्ही पहिल्या दिवशी ती मदरबोर्डाला लावली आणि काळ्या पडद्याकडे बघत पाऊण तास रडवेले होऊन बसलो.

मदरबोर्डात बघायचं ते सॉकेट. प्रोसेसर आणि बोर्ड एकाच सॉकेटचे हवेत आणि मेमरी त्या बोर्डाला चालणारी हवी. आमचं सॉकेट एएम४ आणि मेमरी डीडीआर४. नवं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं होतं, पण त्याला फक्त डीडीआर५ चालते आणि तेव्हा सगळा संच महाग पडत होता. मेमरी १६ जीबी घेतली, पण एक सोळाची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. पतसंस्थेत एका खिडकीऐवजी दोन खिडक्या उघडल्यासारखं. हे उदाहरण माझं, आणि त्यावर तो बऱ्याच दिवसांनी हसला. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली. तिने गेम लवकर उघडतो, चित्रं वाढत नाहीत.

मग पंचवटी एक्सप्रेसने आम्ही दोघं मुंबईला गेलो. दादरला उतरून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे जुनंच नाव घेतात. सात-आठ दुकानांत भाव काढले, प्रत्येक बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला. कॅशियर असण्याचा तेवढा उपयोग झाला. संध्याकाळच्या गाडीने परत. ग्राफिक्स कार्डाचा खोका त्याने सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नाही.

आता माझी चूक सांगते. खरं तर त्यासाठीच उभी राहिले आहे.

गाडीतून आणायला अवजड म्हणून कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय नाशिकलाच घ्यायचं ठरलं होतं. कागदावर होतं, कॅबिनेट चार हजार, पॉवर सप्लाय ५५० वॅटचा साडेचार हजार. दुकानदार म्हणाला, "ताई, साडेतीन हजारांच्या कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा सप्लाय फुकट आहे. वेगळा कशाला घेता?" पाच हजार वाचत होते. मुलगा हळूच म्हणाला, "आई, बाकी कशातही वाचव, यात नको." मी दुकानात, चार लोकांसमोर त्याला म्हटलं, "पैसे मी देतेय ना?" तो गप्प झाला. त्या सप्लायला कार्डाची वायरच नव्हती. दुकानदाराने एक जोडवायर काढून दिली. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं.

तीन आठवडे कॉम्प्युटर छान चालला. एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते. आतून फट्‌ असा आवाज आला आणि जळका वास. त्याने धावत जाऊन बटण बंद केलं. मदरबोर्ड गेला होता. जळालेल्या बोर्डाला वॉरंटी लागू नाही. कार्ड आणि प्रोसेसर वाचले की नाही हे कळायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत तो मला एका शब्दानेही बोलला नाही, आणि दार पुन्हा बंद झालं. मला त्या दाराची भीती वाटली, पैशांची नाही.

रात्री मी तो सप्लाय टेबलावर घेऊन बसले. वर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता. त्यात लिहिलेलं, १२ व्होल्ट, १४ अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही या बारा व्होल्टवरच जगतात. आणि मला सर, तुमचा फळा दिसला. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तुम्ही ते खडूने चौकटीत लिहून म्हणाला होतात की हे आयुष्यभर उपयोगी पडेल, आणि आम्ही मागच्या बाकावर हसलो होतो. बारा गुणिले चौदा, १६८. कार्ड पूर्ण जोरात असताना मागतं १३२, प्रोसेसर ७६. बेरीज २०८. पंखे आणि बाकीचं वेगळंच. १६८ च्या अंगावर २०८ चा बोजा तीन आठवडे होता, तोही मे-जूनच्या उकाड्यात. दहावीतल्या मुलीला सुटलं असतं असं गणित, आणि ते खोक्यावर छापलेलं होतं.

मी त्याचं दार वाजवलं. म्हटलं, "तू बरोबर होतास. मी लोकांसमोर तुला गप्प केलं, ते चुकलं." त्याने माझ्या हातातला कागद घेतला, गुणाकार तपासला आणि म्हणाला, "हे तुला कुठून येतं?" मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं, सर. रात्री दीडपर्यंत आम्ही बोलत बसलो. कॉम्प्युटरबद्दल थोडं, आणि त्याच्या बाबांबद्दल पुष्कळ. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कार्ड आणि प्रोसेसर वाचले. बोर्ड पुन्हा घेतला, साडेनऊ हजार. पॉवर सप्लाय या वेळी त्याच्या पसंतीचा. वाचवलेले पाच हजार असे दुपटीने गेले. भाव तेव्हाचे सांगितले, आज वेगळे असतील. गणित तेच राहील. सप्लाय घेताना पुढचा मोठा आकडा बघू नका. पाठीवरच्या तक्त्यात बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि गुणाकार करा. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीतलीच हवा चाळीस अंशांची असते. आत तीच जाणार.

शेवटचा मुद्दा, आणि हा आपल्या सगळ्यांचा आहे. आपली तुकडी शाळेच्या संगणक कक्षाला दहा कॉम्प्युटर देतेय. त्याचं कोटेशन काल ग्रुपवर आलं. मी ते वाचलं. प्रोसेसर लिहिलाय, मेमरी लिहिलीय, आणि खाली एवढंच आहे, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. कंपनी नाही, अँपिअर नाही. त्या खोलीत आता मुलींची ओळही वेळेवर आत जाते. त्यांच्यासमोर फट्‌ असा आवाज व्हायला नको. ते कोटेशन दुरुस्त करून घ्यावं अशी माझी सूचना आहे, आणि जो फरक पडेल त्यातले पहिले पाच हजार माझे.

त्या जळक्या सप्लायवरचं लेबल मी सोलून आणलंय, पर्समध्ये आहे. चहाच्या वेळी सर, तुम्हाला दाखवते. खाली माझा गुणाकार आहे. तीस वर्षं उशीर झाला, पण तेवढा तपासून द्या.