दप्तराचे काम आणि शरीराचा टेकू
(नरखेड तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या तालुक्यात संत्र्याचा बहार भरास आला की बागायतदार फळांनी लवलेल्या फांदीखाली बांबूचा टेकू देतो. फांदी मोडल्यावर टेकू देऊन उपयोग नाही, हे तो जाणतो. आज मला आपल्या शरीराच्या टेकूविषयी बोलावयाचे आहे.

नांगर लागून झालेली जखम दिसते. लेखणीने झालेली इजा दिसत नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी श्रमिकांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरील ताण. आज आपल्या हाती हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही आणि मोबाईल आहे. कारणे मात्र तीच आहेत. मान दुखते, खांदा आखडतो, बोटांना मुंग्या येतात आणि आपण ते वयावर ढकलतो. भरलेली घागर अंगापासून दूर धरली की अधिक जड वाटते. तद्वतच चार-पाच किलो वजनाचे मस्तक पुढे झुकले की मानेवरील भार वाढतो.

उपाय अवघड नाहीत. पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत. न टेकल्यास खाली पाट ठेवावा. कमरेमागे सतरंजीची घडी घ्यावी. टेबल कोपराच्या उंचीचे असावे. मोबाईल मांडीवर न ठेवता पुस्तकांच्या चळतीवर उभा करावा. तथापि उत्तम बैठकही फार वेळ धरली तर बाधते. म्हणून अर्ध्या तासाने उठावे आणि मधूनमधून दूरच्या झाडाकडे पाहून डोळ्यांना विसावा द्यावा. महिन्याच्या नोंदी एकाच दिवसासाठी साठवू नयेत. तांदळाचे पन्नास किलोचे पोते एकट्याने उचलू नये. हलके ओझेही गुडघे वाकवून, अंगालगत धरून, कंबर न पिळता उचलावे. मुंग्या राहिल्या किंवा हाताची पकड सैल झाली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरविले. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या सातवीतील दोन विद्यार्थ्यांनी पत्रकारांना बोलावून आपल्या पाठीवरील ओझ्याची तक्रार मांडली. मुले बोलली, आपण मात्र मुकाट्याने सोसतो. पाठीला आधार देणारी खुर्ची आणि योग्य उंचीचे टेबल मागणे ही चैन नव्हे. ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीपुढे निःसंकोच मांडावी.

गुरुजी जसे बसतात, तशीच मुले बसावयास शिकतात. म्हणून उद्या शाळेत गेल्यावर प्रथम आपली खुर्ची पाहा. फांदी अद्याप मोडलेली नाही. टेकू देण्याची वेळ हीच होय.