तारकर्लीला निघण्याआधी

मालवणजवळच्या तारकर्लीला जायचं ठरतंय ना? मग रिसॉर्टचे फोटो बघण्याआधी तिथी बघा. कोकणात भरतीचा एक जुना, ढोबळ हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे झाले तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास समुद्र भरलेला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यानेही गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये. अष्टमीच्या आसपास पाणी त्यामानाने शांत.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, तेव्हा ताटात ताजी सुरमई मिळेलच असं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कुडाळपर्यंतच्या रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. नाताळात जायचं असेल तर ती तारीख चुकवू नका. खोलीच्या भाड्यात जेवण धरलं नसेल तर बरंच, मालवणातल्या खानावळी कशाला सोडायच्या?

आणि होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, त्याचं बक्कल स्वतः ओढून बघा.